बाराच्या आतलं जेवण

रविवार, १६ नोव्हेंबर १९८०

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि वही रद्दीत जाते. यंदा तसं करायचं नाही. पुढून जमाखर्च, मागून मनातलं.

टपरीला आज दोन महिने झाले. लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथून वीस पावलांवर आहे. वरचे पत्रे आमच्या यांच्या मित्राने, देवराम मिस्त्रींनी, ठोकून दिले. हे सकाळी सातपूरला कारखान्यात जातात, मग दिवसभर मी आणि सासूबाई. चहा, भजी, आणि आधी सांगितलं तर साधं जेवण. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती. रोज वंदना झाल्याशिवाय स्टोव्ह पेटवत नाही.

सासूबाईंना हा उद्योग पसंत नाही. "लोकं डोंगर बघाया येत्यात यशोदे, तुझा चहा प्याया नाय," असं दिवसातून एकदा तरी म्हणतात आणि तेवढ्यात कपबशा विसळूनही टाकतात.

लोक येतात तरी कशाला, हे मलाही कळायला हवं, म्हणून मी आता विचारतेच. शिर्डीला निघालेलं मुंबईचं एक कुटुंब म्हणालं, "गाडी तापली म्हणून थांबलो." एक मास्तर सहलीची मुलं घेऊन आले होते, ते म्हणाले, "पांडवांनी एका रात्रीत खोदली ना, ती दाखवायला." मी म्हटलं, "गुरुजी, पांडवांनी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी खोदली. वर शिलालेख आहेत." ते म्हणाले, "असं? मग आता पोरांना काय सांगू? खाली उतरताना पांडवच सांगितलेत." आणि लगेच पंचेचाळीस चहा सांगितले. पंचेचाळीस म्हटल्यावर मी पुढे बोलले नाही. हे बरोबर झालं नाही.

मात्र कॉलेजची दोन मुलं, श्यामला आणि तिचा वर्गमित्र, दर रविवारी तीन वाजता वर जातात ते सूर्य मावळताना उतरतात. एक चहा दोघांत घेतात. इतका अभ्यास! एवढ्या वेळात सगळी लेणी दहादा बघून होतील. श्यामला मला म्हणाली, "मावशी, आम्ही इथं येतो हे कुणाला सांगू नका हं." मुलीच्या शिकण्याला अजूनही घरून असा विरोध होतो, याचं वाईट वाटलं. त्यांना भज्यांची एक प्लेट तशीच दिली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पौर्णिमा. उपोसथ केला, अष्टशील घेतलं. बाराच्या आत जेवले, मग पाण्यावर. दुपारभर दुसऱ्यांसाठी भजी तळली. मन ताब्यात होतं. हात एकदा परातीकडे गेला, पण सासूबाई बघत होत्या.

बुधवार, १७ डिसेंबर

आज मोठी गोष्ट घडली.

नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅव्हल्सचं ऑफिस असलेले बाळाजीराव स्कूटरवरून आले. सफारी सूट, गळ्यात रुमाल. उभ्याउभ्या म्हणाले, "बाई, श्रीलंकेहून बौद्ध यात्रेकरूंच्या बसगाड्या येणार आहेत. अजिंठा, वेरूळ, मग तुमची ही लेणी आणि मग मुंबई. एकूण सहा बस. जेवणाची सोय इथंच पायथ्याशी झाली तर मला शहरात शिरायला नको. जमेल का?"

मी म्हटलं, "किती माणसं?"

"एका बसला चाळीस. त्यात दहा-बारा भिक्खू. पहिली बस पंधरा जानेवारीला. ती बघू. बरं झालं तर बाकीच्या पाच तुमच्या. नाही झालं तर मी हॉटेलात नेईन, राग मानायचा नाही."

चाळीस माणसं! माझ्या लग्नातसुद्धा एका पंगतीला तीसच होती. तरी मी "जमेल" म्हणाले. सासूबाई आतून म्हणाल्या, "जमंल म्हनं. रांधनार कोन, तुझा डोंगर?"

बाळाजीराव जाताना म्हणाले, "जेवण एक वाजता. आणि तिखट अजिबात नको. परदेशी लोकांना सोसत नाही."

एक वाजता? मी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावले. "अहो, भिक्खू बारानंतर अन्न घेत नाहीत!"

"पंधरा वर्षं बस चालवतोय बाई. टूरिस्ट एक वाजताच जेवतो. प्रवासात सगळे ॲडजस्ट करतात."

"हे टूरिस्ट नाहीत. विनय आहे त्यांचा."

"विनय कोण?" असं विचारून, ते भिक्खूंचे नियम हे मी सांगायच्या आत, त्यांनी स्कूटरला किक मारली. मग माझं तोंड बघून म्हणाले, "बरं, साडेअकरापर्यंत आणतो. झालं?"

शुक्रवार, १९ डिसेंबर

दोन दिवस एकच विचार. भिक्खूंना जेवू घालणं हे दान. त्याचे पैसे घेतले तर दान कसलं? आणि नाही घेतले तर धंदा कसला? यांना विचारलं. हे भाकरी मोडत म्हणाले, "भिक्खूंचं घेऊ नको, बाकीच्यांचं घे." इतकं सरळ होतं. पण मला दोन दिवस लागले, आणि यांना भाकरीचा एक घास. तसं मी यांना सांगितलं नाही.

मंगळवार, १३ जानेवारी १९८१

हे कामावरून येताना बाळाजीरावांच्या ऑफिसातून कार्यक्रमाचा कागद घेऊन आले. सायक्लोस्टाईल केलेला, इंग्रजीत. मी बोट ठेवून वाचला. औरंगाबादहून निघायचं सकाळी सात. नाशिक, लंच, एक वाजता. साडेअकराचं नावच नाही!

बाळाजीराव बसबरोबर कालच गेलेत. औरंगाबादच्या हॉटेलला तार केली, उत्तर नाही. एसटीला औरंगाबादहून इथवर पाच तास लागतात. म्हणजे सातची बस कितीही पळाली तरी द्वारकेवर साडेअकराला. तिथून शहराची गर्दी काढून पायथ्याला यायचं, उतरायचं, हात धुवायचे, म्हणजे सव्वाबारा तरी.

भिक्खू माझ्या दारात येऊन उपाशी जाणार. पाच बस गेल्या तर गेल्या, पण हे पाप कुठं फेडू?

बुधवार, १४ जानेवारी

ठरलं. बस जेवणाकडे वेळेवर येत नसेल तर जेवण बसकडे जाईल. औरंगाबादचा रस्ता द्वारकेलाच येऊन मिळतो. देवराम मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान तिथंच आहे, मागे कडुनिंबाखाली मोकळं आवार. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, लोखंडाचा कीस झाडून ठेवतो आणि टेम्पोही पाठवतो." यांनी कारखान्यात रजा टाकली. यांनी रजा टाकलेली मी आजवर फक्त आजारपणात पाहिली आहे.

बस थांबवायची कशी, हा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, "जयंतीचा पंचशील झेंडा हाय ना पेटीत? तो दाव. त्यांचा बी तोच असंल." मी लगेच पेटी उघडली.

गुरुवार, १५ जानेवारी

हात दुखताहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे तीनला चूल पेटवली. भात, डाळ, बटाट्याचा रस्सा, कोबी, पुऱ्या, खीर. सगळं बिनतिखट. साडेनऊला पातेली टेम्पोत चढली. सासूबाई कधी नव्हे ते पांढरं लुगडं नेसून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मी येत नाय, पातेली सांभाळाया बसले."

साडेदहापासून मी द्वारकेवर रस्त्याच्या कडेला झेंडा धरून उभी. ट्रकवाले वाकून बघत होते. एक हवालदार आला.

"बाई, मोर्चा कुणाचा? परवानगी दाखवा."

"मोर्चा नाही. जेवण आहे."

"जेवणाला झेंडा?"

मी सगळं समजावून सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मग असं कोपऱ्यात उभं राहून काय दिसणार? चौकाच्या मधल्या बेटाच्या कडेला या." आणि त्यानेच मला चौकात पुढे उभं केलं.

अकरा वाजले. साडेअकरा. पावणेबारा. पुऱ्या मऊ पडल्या. मिस्त्रींच्या घड्याळात बारा वाजले तरी मी जागा सोडली नाही. सासूबाई पातेल्यांवरच्या माश्या हाकत म्हणाल्या, "तरी म्हनत हुते." काय म्हणत होत्या ते मात्र सांगितलं नाही.

बारा वाजून नऊ मिनिटांनी बस आली. मी झेंडा उंच केला. पुढच्या काचेतून कुणीतरी ओरडलं, ब्रेक लागला, आणि खिडक्याखिडक्यांतून हात जोडलेले दिसले. "साधू! साधू!" असा धन्यतेचा पुकारा, भर चौकात.

बाळाजीराव उडी मारून उतरले. "अहो बाई, तुम्ही इथं? काय करणार, येवल्याला पंक्चर झालं! पाऊण तास गेला." बिचारे अगदी घामाघूम. पंक्चरही नेमकं पैठण्यांच्या दुकानांसमोर झालेलं, त्यामुळे यात्रेकरू बायकांना निदान तिथं बसायला तरी मिळालं. बऱ्याच जणींच्या हातात गुलाबी कागदातली पुडकी होती.

मग बारा भिक्खू उतरले. सर्वांत पुढे एक म्हातारे महास्थविर, काठी टेकत. एका तरुण भिक्खूने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हसून नकारार्थी मान हलवली. यात्रेकरूंचे पुढारी गुणपाल म्हणून निवृत्त शिक्षक होते. ते इंग्रजीत हळू बोलले, "मॅडम, वुई आर लेट. भिक्खूज ओन्ली वॉटर. व्हेरी सॉरी."

मी ते पातेल्यांकडे बघतच ऐकलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. नजर खाली गेली आणि विजेच्या खांबाच्या सावलीवर पडली. सावली अजून तिरपी होती.

मॅट्रिकला भूगोलात मी वर्गात पहिली होते. साऱ्या देशाचं घड्याळ अलाहाबादच्या बाजूच्या रेखांशावर लावलेलं आहे. एक अंश पश्चिमेला गेलं की सूर्य चार मिनिटं मागून माथ्यावर येतो. आणि भूगोल कशाला हवा? थंडीत दारात पापड घालते तेव्हा बघतेच की, दोरीच्या खांबाची सावली सगळ्यांत आखूड होते ती पाऊणच्या सुमाराला. उपोसथाला मी बारालाच थांबते, कारण लवकर थांबल्याने शील मोडत नाही. पण बाराला नाशिकचा मध्यान्ह झालेला नसतो!

मी गुणपालांना म्हटलं, "सर, वॉच इज अलाहाबाद. सन इज नाशिक."

त्यांना कळलं नाही. मी खांबाकडे बोट केलं. "शॅडो. स्मॉल, स्मॉल, स्मॉल. स्टिल गोइंग स्मॉल. नो नून!" अठरा वर्षांनी इंग्रजी बोलत होते आणि चौकातले सगळे ऐकत होते. हे माझ्या मागे उभे होते. हळूच म्हणाले, "बोल, बोल."

गुणपालांनी सिंहलीत सांगितलं. महास्थविर वळले. काठी टेकत खांबापाशी गेले आणि सावलीच्या टोकाकडे बघत उभे राहिले. मी मिस्त्रींकडून पत्र्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि टोकाशी रेघ मारली. मग थांबलो. यात्रेकरू, भिक्खू, ड्रायव्हर, तो हवालदार, आजूबाजूचे रिक्षावाले, सगळे एका रेघेभोवती. बाळाजीराव "भात गार होतोय" म्हणाले, तर सासूबाईंनी त्यांना गप्प केलं. "उगा ऱ्हा की रं!"

पाच मिनिटांनी सावलीचं टोक रेघेच्या आत आलं होतं. महास्थविर वाकले, आपली बोटं टेकून मोजली. अडीच बोटं. सावली आखडत होती. दुपार झाली नव्हती.

ते हसले. दात दोनच होते. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले आणि सरळ जाऊन सतरंजीवर बसले. गुणपाल म्हणाले, "ही सेज, टुडे टीचर इज यू."

बारा वीसला पहिलं वाढप. मी तूप वाढताना दोनदा खांबापर्यंत जाऊन आले. बारा अडतीसला शेवटच्या भिक्खूचा हात धुऊन झाला. मग त्यांनी दानाच्या अनुमोदनाच्या गाथा म्हटल्या. कडुनिंबाखाली पाली, पलीकडे ट्रकचे भोंगे. हवालदाराने टोपी काढून हातात धरली होती.

मग यात्रेकरूंची पंगत. ते थोडं खायचे आणि थांबायचे. मला वाटलं, बिघडलं. एका आजीने खुणेने विचारलं, मिरची? सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून स्वतःसाठी आणलेला ठेचा काढला. तो पंगतभर फिरला आणि संपला. "सोसत नाय म्हनं!" असं सासूबाई बाळाजीरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

झेंडा मी धम्मासाठी धरला होता की पाच बसगाड्यांसाठी, ते अजून ठरवता येत नाही. दोन्हींसाठी असेल. पण आज माझं मॅट्रिक कामाला आलं, यात शंका नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

बाळाजीराव चाळीस जणांचे पैसे घेऊन आले. मी बारा भिक्खूंचे परत दिले.

"बाई, असा धंदा असतो का?"

"तो धंदा नाहीच. उरलेल्या अठ्ठावीसांचा धंदा."

त्यांनी परत आलेल्या नोटा मोजून खिशात घातल्या. म्हणाले, "पाचही बस तुमच्या." मग आणखी एक चहा मागवला. त्याचे पैसे त्यांनी दिले आणि मी घेतले.

शनिवार, २४ जानेवारी

बाळाजीराव पेढे घेऊन आले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"बाई, तुमची ती सावलीची युक्ती झकास आहे. म्हणजे भिक्खूंना पाऊणपर्यंत चालतं. आपण तसंच छापू, भोजन सव्वाबारा, पायथ्याशी. मला मधे पाऊण तास सुटतो."

"कशाला सुटायला हवा?"

"येवल्याला थांबायला. यात्रेकरूंना पैठण्या बघायच्या असतात. दुकानदारही खूश, बायकाही खूश. आणि आपलंही थोडं काही..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "त्या दिवशी पंक्चर किती चाकांना झालं होतं?"

ते पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडवत बसले.

मी सांगितलं, "उशीर झालेल्या माणसासाठी ती सवड होती. पंधरा तारखेला तुम्ही खोटं बोललात तरी उशीर खरा होता, म्हणून ते जेवले. आता मुद्दाम उशिरा आणून त्यांना रोज सावलीच्या टोकावर बसवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. जेवण अकराला. नाहीतर तुमचं हॉटेल बघा."

"विचार करा. पाच बस आहेत."

"मला मोजता येतं."

पेढे तसेच ठेवून गेले. सासूबाईंनी एक खाल्ला. म्हणाल्या, "पेढ्याचा काय दोष?"

सोमवार, २ फेब्रुवारी

निरोप नाही. गेल्या आठवड्यात एक मोठी बस रस्त्यावरून सरळ पुढे गेली, ती त्यांचीच होती की काय कोण जाणे. मिस्त्रींनी दुसऱ्या चुलीसाठी विटा आणून टाकल्या आहेत, त्यांच्यावर कोंबड्या बसतात. हे संध्याकाळी आल्यावर शीळ घालायचे, ती आठवडाभर ऐकली नाही.

माझं चुकलं का? वेळ सव्वाबाराची असती तरी नियम मोडला नसता. शब्दाने नसता मोडला. तरी पुन्हा कुणी विचारलं तर मी अकराच सांगेन. हे लिहिताना मान ताठ आहे, पण सकाळपासून तीनदा रस्त्यावर जाऊन बस बघून आले, तेही लिहून ठेवते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बाळाजीराव आले, बरोबर कोलंबोचं पत्र. गुणपालांचं. त्यांच्या पुढच्या चारही यात्रा-मंडळांना त्यांनी कळवलंय की नाशिकला झेंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईंकडेच जेवायचं आणि अकराच्या आत पोचायचं, नाहीतर बस दुसऱ्याची घेऊ. मी पत्र दोनदा वाचलं. माझ्या खिरीबद्दल मात्र त्यात अक्षर नाही. खीर चांगली झाली होती.

"काय जादू केलीत?" बाळाजीराव.

"तुमची ती सरळ पुढे गेलेली बस कुठं जेवली?"

"जेवली कुठं!" ते चिडून म्हणाले. "हॉटेलात पोचलो साडेबाराला. मालक म्हणाला अर्ध्या तासात ताटं लावतो. भिक्खू लिंबूपाण्यावर मुंबईला गेले. गुणपालांना तारेने कळवलं त्यांनी." मग खिशातून नवा कागद काढला. औरंगाबादहून निघायचं पहाटे पाचला. ड्रायव्हर शिव्या देतोय म्हणे.

"आणि पैठण्या?"

"दुकानदाराला आठला दुकान उघडायला लावलंय."

त्याला माझी हरकत नाही. बायकांना लुगडी बघायला आवडतातच. मलाही आवडलं असतं.

आज हे विटा लावत असताना शीळ घालत होते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दुसऱ्या चुलीवर पहिलंच पातेलं. रश्श्यात या खेपेला मिरची मोकळ्या हाताने घातली. भात चढवला आणि कोबी चिरायला घेते तोच सासूबाई बाहेरून ओरडल्या, "यशोदे, आली!"

मी म्हटलं, "कोण?"

"तुझी बस!"

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. भाताला अजून उकळीसुद्धा नव्हती. मी विळी टाकून तशीच ओल्या हातांनी धावत सुटले. भिक्खू उतरत होते, चौदा होते, बाळाजीराव शर्टाच्या बाह्या सारत ऐटीत उभे. "बघा, बाई! आता नावं ठेवा!"

"स्वयंपाक व्हायचाय!"

"म्हणजे? मी माणसांना पहाटे चारला उठवलंय!"

सर्वांत पुढच्या भिक्खूंनी चिंतेने आपलं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदराला हात पुसले, नमस्कार केला आणि लेण्यांच्या पायऱ्यांकडे दाखवून म्हटलं, "गो अप, भंतेजी. सी एव्हरीथिंग. स्लोली. टाइम इज देअर."